औषध थांबवले की परत येणारा खोकला: ॲरिझोनातल्या कुत्र्यांचा व्हॅली फीव्हर

लक्षणे

कोरडा, ठसक्यासारखा खोकला दोन आठवडे उलटूनही जात नाही. जेवणाचे भांडे अर्धे भरलेले राहते, बरगड्या हाताला लागू लागतात, एरवी पट्टा दिसला की उड्या मारणारा कुत्रा दारापर्यंत येऊन बसून राहतो आणि ताप येऊन-जाऊन असतो. फिनिक्स, टूसॉन किंवा या दोन शहरांमधल्या पट्ट्यात राहणाऱ्या कुत्र्यात ही लक्षणे एकत्र दिसली, तर व्हॅली फीव्हर या मातीतल्या बुरशीमुळे होणाऱ्या आजाराची शंका पहिल्या दिवसापासून घ्यावी.

बुरशी फुप्फुसांबाहेर पसरली असेल तर चित्र वेगळे असते आणि खोकला कधीकधी मुळीच नसतो. कुत्रा एका पायाने लंगडतो, हाडावर कठीण सूज येते, मान किंवा पाठ हात लावू देत नाही, कातडीखाली गळवासारखी मऊ सूज येऊन फुटते आणि ती जखम पाझरत राहते पण भरत नाही. डोळा लाल होऊन धूसर दिसू लागतो. मेंदूपर्यंत बुरशी पोहोचली असेल तर झटके येतात.

तिसरा प्रकार ज्यांच्या घरी एकदा उपचार झाले आहेत त्यांच्या ओळखीचा आहे: औषधाने कुत्रा चांगला सुधारला, काही महिन्यांनी औषध थांबवले, आणि खोकला किंवा लंगडणे पुन्हा सुरू झाले.

मी फिनिक्सच्या पूर्वेकडील उपनगरात प्राण्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ आहे. रक्त काढणे, एक्स-रे घेणे आणि निकाल आल्यावर घरच्यांना ते समजावून सांगणे हे माझे काम आहे. चँडलर आणि गिल्बर्टमधली मराठी कुटुंबे हेच प्रश्न मराठीतून विचारतात, म्हणून उत्तरे एका ठिकाणी लिहीत आहे. औषध कोणते आणि मात्रा किती हे डॉक्टरच ठरवतात. या लेखाच्या आधाराने कोणीही घरी उपचार सुरू करू नयेत.

हा आजार नेमका काय आहे

कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी वाळवंटातल्या मातीत राहते. ॲरिझोनात तिची पोसाडासी ही जात आढळते, तर कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यात इमिटिस ही जात, आणि त्या खोऱ्यावरूनच आजाराला हे नाव पडले. आजाराचे पहिले वर्णन मात्र १८९२ मध्ये अर्जेंटिनात अलेहांद्रो पोसादास यांनी केले होते. पावसाने माती ओली झाली की बुरशी वाढते, माती सुकली की तिचे धागे तुटून सूक्ष्म बीजाणू होतात, आणि वारा, बांधकाम किंवा कुत्र्याचे पंजे यांनी माती हलली की ते हवेत येतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या इथल्या मॉन्सूनमध्ये पुष्कळदा पावसाआधी धुळीची भिंतच शहरावर चालून येते. कुत्र्याचे नाक सदैव जमिनीलगत असते आणि उंदरा-घुशींची बिळे उकरण्यात त्याला विलक्षण रस असतो, त्यामुळे माणसापेक्षा त्याच्या श्वासात बीजाणू जाण्याची संधी पुष्कळ जास्त असते.

फुप्फुसात गेल्यावर बीजाणूचे रूप पालटते. तो फुगून जाड सालीचा गोल होतो आणि डाळिंबात दाणे भरावेत तसे त्यात शेकडो सूक्ष्म कण भरतात. गोल फुटला की त्यातला प्रत्येक कण नवा गोल होऊ शकतो. हे शरीरातले रूप हवेतून पसरत नाही. त्यामुळे कुत्र्याच्या खोकण्यातून घरातल्या मुलांना किंवा दुसऱ्या कुत्र्याला हा आजार होत नाही, आणि त्याला वेगळ्या खोलीत कोंडून ठेवण्याचे कारण नाही. घरातल्या दोघांना हा आजार झाला, तर दोघांनी एकाच परिसरातली धूळ श्वासात घेतलेली असते.

बीजाणू श्वासात गेलेले सुमारे ७० टक्के कुत्रे आजारी पडतच नाहीत. त्यांचे शरीर बुरशीला जागच्या जागी दाबून ठेवते. पुढे रक्ताच्या निकालाचा अर्थ लावताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

पहिली तपासणी: घरच्या घरी, बिनखर्चाची

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत काही गोष्टी मोजून कागदावर तारखेनिशी लिहून ठेवाव्यात. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. मोठा कुत्रा उचलता येत नसेल तर बहुतेक दवाखाने त्यांच्या काट्यावर वजन करू देतात. वजनातली घट हे या आजाराचे फार प्रामाणिक लक्षण आहे, आणि पुढे औषधाची मात्राही वजनावरच ठरते. ताप नाकाच्या ओलाव्यावरून किंवा कानाला हात लावून कळत नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून मोजावा. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्याला जो ताप वाटतो तो त्याचा नेहमीचा आकडा असतो. १०३च्या वर गेला तर तो ताप समजावा.

कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटभरात छाती किती वेळा वर येते ते मोजावे. हा आकडा बहुधा ३०च्या खाली असतो. तो सतत वर राहू लागला तर फुप्फुसांवर ताण आहे असे समजून त्याच दिवशी दवाखान्याला कळवावे. मग जबड्याखाली, खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या गुडघ्यामागे बोटांनी चाचपून पाहावे, कारण तिथल्या लसिका गाठी या आजारात वाढलेल्या सापडतात. शेवटी प्रत्येक पाय पंजापासून वर हळूहळू दाबत जावे आणि डाव्या-उजव्या पायांची तुलना करावी. एखाद्या ठिकाणी कुत्र्याने पाय ओढून घेतला, तर ती जागा लिहून ठेवावी.

खोकल्याचे चित्रण मोबाइलवर जरूर करावे. दवाखान्यात आल्यावर उत्साहाने किंवा भीतीने कुत्रा खोकायचे विसरतो आणि डॉक्टरांना घरच्यांच्या वर्णनावर भागवावे लागते. तोंडी वर्णनात उलटीची उबळ, घशातला ठसका आणि छातीतला खोकला यांची नेहमीच गल्लत होते.

दुसरी तपासणी: मागचा प्रवास आणि परिसर

पिमा, पिनाल आणि मॅरिकोपा या तीन काउंटींत राहणाऱ्या कुत्र्याबाबत प्रवास विचारावाच लागत नाही. जे कुटुंब ॲरिझोनातून दुसरीकडे राहायला गेले आहे, किंवा ज्यांनी कॅलिफोर्नियातून गाडीने येताना कुत्र्याला इथल्या वाळवंटात फिरवले आहे, त्यांनी मात्र ते आपणहून सांगितले पाहिजे. लागण झाल्यापासून साधारण तीन आठवड्यांत लक्षणे दिसू शकतात, पण बुरशी महिनोन्महिने, क्वचित काही वर्षेही दबून राहून मग डोके वर काढते. ओरेगन किंवा न्यू जर्सीतल्या डॉक्टरांना व्हॅली फीव्हर आठवावा अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. ‘हा कुत्रा ॲरिझोनात राहिला आहे’ हे वाक्य त्यांचा निम्मा शोध वाचवते.

परिसरही सांगावा: शेजारी नवी घरे उठत आहेत का, मागच्या अंगणात पोहण्याच्या तलावासाठी खणले आहे का, मोठ्या धुळीच्या वादळानंतर किती दिवसांनी खोकला सुरू झाला.

तिसरी तपासणी: साधी कारणे आधी बाजूला काढणे

पाळणाघरात किंवा कुत्र्यांच्या बागेत जाऊन आलेल्या कुत्र्याला केनेल कफ होऊ शकतो. त्यात खोकल्याचा आवाज मोठा असला तरी कुत्रा बहुधा नीट खातो-पितो, आणि बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत खोकला ओसरतो. लंगडण्याची कारणे त्याहून साधी असतात: पंजात रुतलेला चोया निवडुंगाचा काटा, बोटांच्या मधून आत शिरलेले गवताचे कुसळ, तुटलेले नख, गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत. पंजे नीट उघडून पाहायला पाच मिनिटे लागतात.

गोचीडतापाचा विचार मात्र घाईने बाजूला टाकू नये. एर्लिकिया हा गोचिडीमुळे होणारा आजार ॲरिझोनातही भरपूर आहे. त्यातही ताप, वजन घटणे, सुस्ती आणि वाढलेल्या गाठी दिसतात, आणि एकाच कुत्र्याला दोन्ही आजार असू शकतात. म्हणून आमच्याकडे पुष्कळदा दोन्हींचे रक्त एकाच वेळी पाठवले जाते. महाराष्ट्रातून आलेल्या कुत्र्याबाबत तर ही तपासणी वगळूच नये.

या टप्प्यावर दोन औषधांमुळे गोंधळ होतो. पहिले म्हणजे अँटिबायोटिक. ते बुरशीवर चालत नाही, पण व्हॅली फीव्हरचा ताप मुळातच चढतो-उतरतो, त्यामुळे गोळ्या सुरू असताना दोन चांगले दिवस आले की औषध लागू पडले असे वाटते आणि एक कोर्स संपून दुसरा सुरू होतो. अँटिबायोटिक पूर्ण होऊनही खोकला किंवा ताप राहिला, तर दुसरे अँटिबायोटिक मागण्याऐवजी व्हॅली फीव्हरची तपासणी मागावी. दुसरे औषध म्हणजे प्रेडनिसोनसारखे स्टेरॉइड. खाज किंवा खोकल्यासाठी ते दिले की कुत्रा एकदम टवटवीत दिसतो, पण शरीराची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. वाढलेल्या गाठींनी श्वासनलिका दाबली जात असेल तर डॉक्टर बुरशीविरोधी औषधाच्या आधाराने थोडे दिवस स्टेरॉइड देतात, तो वेगळा विचारपूर्वक निर्णय असतो. मागच्या आजारपणातल्या उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र घरच्यांनी कधीही देऊ नयेत.

आपल्या घरांतली हळद, मध आणि तुळशीचा काढा यांबद्दल मला हमखास विचारले जाते. त्याने बुरशी मरत नाही. तपासणी लांबत नसेल तर चमचाभर मधावर माझा आक्षेप नाही. माणसांची खोकल्याची सिरप, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांवर मात्र सक्त आक्षेप आहे. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरू शकते, आणि काही सिरपमध्ये गोडीसाठी घातलेले झायलिटॉल कुत्र्यासाठी विष आहे.

चौथी तपासणी: रक्त, आणि टायटरचा आकडा कसा वाचावा

इथून पुढे दवाखाना लागतो. एकाच वेळी काढलेल्या रक्तातून दोन गोष्टी पाहिल्या जातात. साध्या रक्ततपासणीत सौम्य रक्तक्षय, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, वाढलेले ग्लोब्युलिन आणि घटलेले अल्ब्युमिन (ही दोन्ही रक्तातली प्रथिने) दिसले तर शरीर दीर्घकाळ कशाशी तरी झुंजत आहे एवढे कळते. याच तपासणीत यकृत आणि मूत्रपिंडांची स्थिती कळते, आणि पुढचे औषध यकृतावर ताण आणणारे असल्यामुळे हा सुरुवातीचा आकडा हाताशी असणे आवश्यक आहे.

दुसरी तपासणी व्हॅली फीव्हरच्या प्रतिपिंडांची, म्हणजे बुरशीशी लढण्यासाठी शरीर तयार करते त्या अँटिबॉडींची. आयजीएम हे लवकर येणारे प्रतिपिंड आणि आयजीजी हे उशिरा येऊन टिकणारे. आयजीजी सापडले तर त्याचे प्रमाण टायटरच्या रूपात कळवतात: १:२, १:४, १:८, १:१६, १:३२ असे ते दर पायरीला दुप्पट होत जाते. रक्त किती पातळ केले तरी प्रतिपिंडे सापडतात, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे दुसरा आकडा मोठा, तर प्रतिपिंडे जास्त.

घरच्यांशी माझे सर्वांत लांब बोलणे या आकड्यावरच होते, कारण तो परीक्षेतल्या गुणांसारखा वाचला जातो आणि तो तसा नाही. १:४ आलेला कुत्रा पूर्णपणे निरोगी असू शकतो, कारण बीजाणू श्वासात जाऊन शरीराने ते दाबले तरी प्रतिपिंडे तयार होतात. तोच १:४ खोकणाऱ्या, वजन घटलेल्या आणि एक्स-रेवर गाठी दिसणाऱ्या कुत्र्यात आला, तर तो आजारच समजून उपचार करतात. १:१६ किंवा त्याहून जास्त आणि सोबत लक्षणे, असे असेल तर शंकेला फारशी जागा उरत नाही. उलट बाजूला, खरोखर आजारी असूनही टायटर निगेटिव्ह येणारे कुत्रे असतात. आजाराच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसतात. म्हणून शंका दाट असेल तर तीन-चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. आकडा मोठा म्हणजे आजार अधिक गंभीर असेही नसते. मेंदूला लागण झालेल्या कुत्र्याचा टायटर कमी असू शकतो.

एका पायरीचा फरक, उदाहरणार्थ १:८ वरून १:१६, प्रयोगशाळेतल्या हाताळणीतूनही येतो आणि त्यावरून झोप उडवून घेऊ नये. दोन पायऱ्यांचा फरक अर्थपूर्ण धरतात. त्यासाठी दर वेळी त्याच प्रयोगशाळेत रक्त पाठवणे आवश्यक असते. दवाखाना बदलला तर आधीच्या प्रयोगशाळेचे नाव नव्या डॉक्टरांना द्यावे.

पाचवी तपासणी: एक्स-रे

छातीच्या एक्स-रेत हृदयाच्या वरच्या बाजूला, श्वासनलिका जिथे दुभंगते तिथल्या गाठी वाढलेल्या दिसल्या, तर खोकल्याचे कारण डोळ्यांसमोर येते: त्या गाठी नलिकेला बाहेरून दाबत असतात. फुप्फुसांत पसरलेली धूसर जाळीही दिसू शकते. हा पहिला एक्स-रे पुढे तुलनेसाठी लागतो. पैसे वाचवण्यासाठी तो टाळला तर सहा महिन्यांनी औषध थांबवायचे की नाही हे ठरवायला आधारच राहत नाही.

लंगडणाऱ्या कुत्र्याच्या पायाच्या एक्स-रेबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. व्हॅली फीव्हर हाडात गेला की हाड एका जागी पोखरले जाते आणि त्याभोवती नवे, ओबडधोबड हाड वाढते. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग एक्स-रेवर जवळजवळ असाच दिसतो, विशेषतः मोठ्या जातीच्या कुत्र्यात. एका आजाराला गोळ्या लागतात, तर दुसऱ्यात पाय कापण्याचा सल्ला दिला जातो. ॲरिझोनात राहणाऱ्या किंवा कधीकाळी राहिलेल्या कुत्र्याबाबत केवळ एक्स-रे पाहून पाय कापण्यास संमती देऊ नये. टायटर आणि हाडाच्या तुकड्याची तपासणी आधी मागावी. कोणताही चांगला शल्यचिकित्सक या मागणीने दुखावत नाही.

सहावी तपासणी: सुईने किंवा तुकडा काढून

सुजलेल्या गाठीतून, पाझरणाऱ्या जखमेतून किंवा हाडातून घेतलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली जाड सालीचे ते गोल दिसले, तर निदान पक्के. दिसले नाहीत तर मात्र आजार नाही असे म्हणता येत नाही, कारण नमुन्यात गोल थोडेच असू शकतात. ही तपासणी सर्वांत खात्रीची असूनही शेवटी येते, कारण तिच्यासाठी पुष्कळदा भूल द्यावी लागते, खर्च वाढतो, आणि नुसता खोकणाऱ्या कुत्र्यात सुई घालण्याजोगी जागाच नसते.

नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याचा मार्ग मात्र धोक्याचा आहे. ताटलीत वाढताना बुरशी पुन्हा मातीतले रूप घेते, आणि तिचे बीजाणू श्वासात गेले तर प्रयोगशाळेतली माणसे आजारी पडतात. म्हणून शंका असेल तेव्हा नमुन्यासोबत तसे स्पष्ट लिहून पाठवणे बंधनकारक समजावे. याच कारणाने पाझरणाऱ्या जखमेवरची पट्टी दिवसेंदिवस तशीच ठेवू नये. ती रोज बदलावी आणि जुनी पट्टी पिशवीत बांधून टाकावी.

उपचार

बहुतेक कुत्र्यांना फ्लुकोनाझोल तोंडाने देतात. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास, बहुधा दोन वेळा विभागून, हा नेहमीचा हिशेब आहे. डॉक्टर कुत्र्याच्या स्थितीप्रमाणे तो बदलतात. ते अन्नासोबत किंवा अन्नाशिवाय सारखेच शोषले जाते, मेंदू आणि डोळ्यांपर्यंत चांगले पोहोचते, आणि माणसांच्याच औषधदुकानात स्वस्तात मिळते. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन दुकानांतले भाव विचारावेत, फरक चकित करणारा असतो. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या मागवणारी घरे मला ठाऊक आहेत. तसे करायचेच असेल तर गोळीची ताकद डॉक्टरांना दाखवून मात्रा नव्याने ठरवून घ्यावी.

इट्राकोनाझोल हाडांच्या आजारात किंवा फ्लुकोनाझोल पुरेसे ठरत नसेल तेव्हा वापरतात. किटोकोनाझोल जुने औषध आहे, पण त्याने भूक जाते आणि यकृताला जास्त त्रास होतो. अतिगंभीर आजारात अँफोटेरिसिन बी शिरेतून देतात. ते मूत्रपिंडांना इजा करू शकते, म्हणून दवाखान्यातच द्यावे लागते.

सुधारणा बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसू लागते: आधी भूक येते, मग ताप जातो, खोकला सर्वांत शेवटी. फुप्फुसांपुरता आजार असेल तर औषध ६ ते १२ महिने चालते. हाडात किंवा अन्यत्र पसरला असेल तर वर्षभर किंवा त्याहून अधिक. मेंदूला लागण असेल तर बहुधा जन्मभर. सुरू केल्यानंतर महिन्याभराने आणि पुढे काही महिन्यांच्या अंतराने यकृताची तपासणी होते. फ्लुकोनाझोल दीर्घकाळ घेणाऱ्या काही कुत्र्यांचे केस विरळ होतात, काही जास्त पाणी पितात; हे डॉक्टरांना सांगावे, पण घाबरून औषध बंद करू नये. गाभण कुत्रीला ही औषधे पिल्लांच्या दृष्टीने सुरक्षित नसतात. झटक्यांसाठी फिनोबार्बिटॉल चालू असेल तर फ्लुकोनाझोलमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते, म्हणून ती मोजत राहावी लागते.

सुधारत नसेल किंवा परत आला असेल तर

इथेही स्वस्त गोष्टी आधी. औषध खरोखर पोटात जात आहे का, हे पाहावे. लाडूत दडवलेली गोळी सोफ्यामागे सापडणे ही आमच्या दवाखान्यातली नेहमीची कथा आहे. त्यानंतर वजन: आजारात २० किलोवर आलेला कुत्रा बरा होऊन २६ किलोचा झाला आणि मात्रा जुनीच राहिली, तर औषध आपोआप कमी पडू लागते. गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या याचा प्रामाणिक हिशेब मांडावा. एखाद-दुसऱ्या चुकीने फारसे बिघडत नाही, सुट्टीत गेलेल्या आठवड्याने बिघडते.

पुढे औषधाचा प्रकार तपासावा. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल अन्नासोबतच द्याव्या लागतात, आणि त्याच वेळी ॲसिडिटीचे औषध चालू असेल तर त्या नीट शोषल्या जात नाहीत. काही औषधालये कच्च्या भुकटीपासून स्वतः इट्राकोनाझोल बनवून देतात. ते स्वस्त पडते, पण शरीरात इतके कमी शोषले जाते की उपचार फसतो. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचून डॉक्टरांना विचारावे. याच काळात खाजेसाठी दुसऱ्या कोणी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले आहे का, हेही आठवून सांगावे.

हे सर्व ठीक असूनही लक्षणे कायम असतील, तर टायटर आणि एक्स-रे पुन्हा करून डॉक्टर औषध बदलतात. निदान मुळात बरोबर होते का, हा प्रश्नही त्या वेळी विचारावा.

औषध परत सुरू करावे लागण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र ते लवकर थांबवणे हेच आहे. कुत्रा दुसऱ्या महिन्यात पळू लागतो, तेव्हा बुरशी दबलेली असते, संपलेली नसते. लक्षणे नाहीत, एक्स-रे साफ किंवा अनेक महिने जैसे थे आहे, आणि टायटर निगेटिव्ह किंवा अगदी खालच्या पायरीवर स्थिर आहे, अशा तिन्ही गोष्टी जुळल्यावर डॉक्टर थांबवण्याचा विचार करतात. थांबवल्यानंतर काही महिन्यांनी टायटर पुन्हा करावा आणि वजन दर आठवड्याला लिहीत राहावे, कारण आजार परतताना पुष्कळदा आधी वजनच उतरते. पसरलेल्या आजारात पुनरावृत्तीची शक्यता अधिक असते, आणि काही कुत्र्यांना कमी मात्रेवर कायम ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

ताबडतोब दवाखाना गाठावा

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरची तपासणी थांबवून, रात्र असेल तर चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्यात, लगेच निघावे: आराम करतानाही धाप लागणे, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडणे, पाच मिनिटांहून लांबलेला झटका किंवा दिवसात एकाहून अधिक झटके, मागचे पाय लुळे पडणे, डोळा अचानक धूसर होऊन उघडता न येणे, पोट फुगून कुत्रा कोसळणे. शेवटचे लक्षण हृदयाभोवतीच्या आवरणाला लागण झाल्याचे असू शकते. उपचार चालू असताना दिवसभर उलट्या होणे, अन्न पूर्ण सोडणे किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणे ही औषधाने यकृताला इजा केल्याची चिन्हे असू शकतात. पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

भारतात परत जाताना

कुत्र्याला पुण्या-मुंबईला घेऊन जाणाऱ्यांनी निघण्याआधी इथेच टायटर करून घ्यावा. ही बुरशी आपल्याकडच्या मातीत नाही, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना ताप आणि घटलेले वजन दिसले की गोचीडताप आधी आठवणार, आणि ते रास्तच आहे. फाइलमध्ये शेवटचे टायटर, प्रयोगशाळेचे नाव, एक्स-रेच्या प्रती, औषधाची मात्रा आणि ती ज्या वजनावर ठरली ते वजन, एवढे ठेवावे. फ्लुकोनाझोल आणि इट्राकोनाझोल दोन्ही भारतात सहज मिळतात, तरी प्रवासात आणि घर लागेपर्यंत खंड पडू नये म्हणून दोन महिन्यांचा साठा सोबत न्यावा. तिथे कधी जखमेचा किंवा गाठीचा नमुना घेण्याची वेळ आली, तर कुत्रा ॲरिझोनात राहिलेला आहे आणि नमुन्यात कॉक्सिडिऑइडिस असू शकते, हे नमुना पाठवण्याआधी प्रयोगशाळेला लेखी कळवावे.